मुखांतील अदृश्य सृष्टीचा पहिला द्रष्टा : अँटनी व्हान लेवेनहूक

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहितांना लेखक बहुधा रणांगणावरील पराक्रम, राजदरबारांतील मुत्सद्देगिरी किंवा दूरदूरच्या समुद्रांवरील साहसें यांचें वर्णन करितात, आणि तें उचितच आहे. आज ज्याचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें व त्यांच्या मातापितरांपुढें ठेवीत आहों, त्याच्या हातून यांपैकीं कांहींच घडलें नाहीं. तो एक कापडाचा दुकानदार होता. ज्या शहरीं तो जन्मला त्याच शहरीं नव्वद वर्षांचें आयुष्य भोगून तो वारला. त्यास लॅटिन भाषा येत नव्हती, आणि कोणत्याही विश्वविद्यालयाची पायरी तो विद्यार्थी म्हणून चढला नव्हता. असें असूनही ज्या सृष्टीची कल्पना पूर्वीं कोणास नव्हती ती त्यानें प्रथम पाहिली. आणि तिच्यांतील एक अत्यंत दाट वस्तीचा प्रांत त्यास सांपडला तो स्वतःच्याच दाढांच्या फटींत. त्या पुरुषाचें नांव अँटनी व्हान लेवेनहूक.

आपल्या मुखांत कोण राहतें, तें तेथें कोठून येतें, आणि मनुष्यापासून मनुष्यास व पाळीव जनावरांसही तें कसें पोहोंचतें, हा प्रश्न प्रत्येक घराच्या आरोग्याशीं निगडित आहे. या प्रश्नाचा पहिला धडा याच दुकानदारानें गिरविला, म्हणून त्याचें चरित्र समजून घेणें सर्वांस हितकर होईल असें आम्हांस वाटतें.

हॉलंड देशांतील डेल्फ्ट हें शहर कालव्यांचें, मद्याच्या भट्ट्यांचें आणि निळ्या नक्षीच्या मातीच्या भांड्यांचें म्हणून प्रसिद्ध होतें. तेथें २४ ऑक्टोबर १६३२ रोजीं लेवेनहूकचा जन्म झाला. त्याचा बाप वेताच्या टोपल्या विणीत असे, व आई एका मद्य गाळणाऱ्या घराण्यांतील होती. त्याच वर्षीं त्याच शहरांत योहानेस व्हर्मेर नांवाचा एक बालक जन्मला, व दोघांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी थोड्याच दिवसांच्या अंतरानें झाल्या. हाच व्हर्मेर पुढें जगद्विख्यात चित्रकार झाला. दोघांनींही डेल्फ्टमध्यें बसून प्रकाशाची उपासना केली. एकानें रंगांच्या द्वारें, दुसऱ्यानें भिंगाच्या द्वारें.

लेवेनहूक पांच वर्षांचा असतां त्याचें पितृछत्र हरपलें. आईनें पुनर्विवाह केल्यावर त्यास वार्मोंड येथील शाळेंत धाडण्यांत आलें, व त्यानंतर कांहीं काळ तो एका नातलगाच्या घरीं राहिला. सोळाव्या वर्षीं, म्हणजे १६४८ सालीं, त्यास आम्स्टरडॅम येथील एका कापडव्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारीस ठेविलें. तेथें त्यानें हिशेबठिशेब व मालाची पारख हीं दोन्ही शिकून घेतलीं. १६५४ सालीं तो डेल्फ्टला परतला, बार्बरा नांवाच्या मुलीशीं त्यानें लग्न केलें, आणि स्वतःचें कापडाचें दुकान थाटलें. त्यास पांच अपत्यें झालीं. त्यांपैकीं चार बाल्यावस्थेंतच दगावलीं, आणि मारिया ही एकच मुलगी उरली. १६६६ सालीं पत्नीही निवर्तली. पुढें १६७१ सालीं त्यानें दुसरा विवाह केला, परंतु वृद्धपणीं शेवटपर्यंत त्याची शुश्रूषा केली ती या मारियानेंच.

दुकानाखेरीज नगरांतील दुसरीं कामेंही त्याच्याकडे आलीं. १६६० पासून तो नगराधिकाऱ्यांच्या सभागृहाची व्यवस्था पाहूं लागला. १६६९ सालीं जमीनमोजणीची परीक्षा उतरून तो मोजणीदार झाला. १६७९ सालीं मद्याच्या पिंपांचें माप तपासण्याचें काम त्यास मिळालें. मोजणें, तोलणें व नोंदणें हीं त्याच्या हाडींमांसीं खिळलीं होतीं. पुढें जें अद्भुत त्यानें पाहिलें, तेंही तो याच दुकानदारी काटेकोरपणानें मोजीत गेला. वाळूच्या कणाशीं व केसाच्या जाडीशीं तुलना करून अदृश्य जीवांचा आकार तो ठरवी.

कापडाचे धागे पारखण्यासाठीं त्या काळचे व्यापारी भिंगाचा उपयोग करीत. १६६५ सालीं लंडन येथील रॉबर्ट हूक यानें सूक्ष्मदर्शकांतून दिसणाऱ्या वस्तूंचें एक सुंदर सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें होतें. अशा कारणांनीं लेवेनहूकच्या मनांत भिंगाविषयीं ओढ उत्पन्न झाली असावी. त्यानें स्वतः भिंगें घासावयास आरंभ केला. त्याचें यंत्र आपल्या शाळेंतील सूक्ष्मदर्शकासारखें नळीचें नव्हतें. पितळेच्या अथवा चांदीच्या दोन लहान पट्ट्या, त्यांच्यामध्यें मोहरीसारखें एक इवलेंसें भिंग, पाठीमागें पाहावयाची वस्तु टोंचण्यासाठीं एक सुई, व ती सरकविण्यासाठीं मळसूत्रें, एवढाच सारा थाट. डोळ्यास अगदीं लावून व उजेडाकडे धरून तें पाहावें लागे. अशीं शेंकडों यंत्रें त्यानें केलीं. त्यांपैकीं थोडींच आज शिल्लक आहेत, व उट्रेख्ट येथील संग्रहांतील एक यंत्र वस्तूचा आकार सुमारे २७० पट मोठा दाखवितें. आपलीं उत्तम भिंगें तो कशीं करी हें त्यानें कोणास सांगितलें नाहीं. २०२१ सालीं नेदरलंड्समधील संशोधकांनीं यंत्र न उघडतां न्यूट्रॉन किरणांच्या साह्यानें हें भिंग तपासलें, तेव्हां कोठें त्या रहस्याचा कांहीं उलगडा झाला.

१६७३ सालीं डेल्फ्टचा वैद्य रेनियर द ग्राफ यानें लंडनच्या रॉयल सोसायटीस या दुकानदाराची ओळख करून दिली. तेव्हांपासून मरेपर्यंत, सुमारे पन्नास वर्षें, लेवेनहूक त्या विद्वत्सभेस आपल्या मातृभाषेंत, म्हणजे डच भाषेंत, पत्रें लिहीत राहिला. त्याचें सर्व संशोधन या पत्रांतच आहे. ग्रंथ म्हणून त्यानें वेगळें कांहीं रचलें नाहीं. १६७४ सालीं डेल्फ्टनजीकच्या एका तळ्याचें पाणी पाहतांना त्यास त्यांत फिरणारे सूक्ष्म प्राणी दिसले. १६७६ सालीं मिरीं भिजत घातलेल्या पाण्यांत त्याहूनही बारीक जीव त्यानें पाहिले. ते इतके लहान होते कीं वाळूच्या एका कणाएवढ्या जागेंत असंख्य मावले असते.

हें वृत्त लंडनला पोहोंचल्यावर विद्वानांस तें खरें वाटेना. त्यांनीं स्वतः पाहण्याचा प्रयत्न केला, परंतु प्रथम कांहींच दिसलें नाहीं. एका परदेशी कापडवाल्याच्या शब्दावर एवढें विलक्षण विधान कोण मानणार? लेवेनहूकची सारी अब्रू येथें पणास लागली होती. त्यानें न चिडतां डेल्फ्टमधील आठ प्रतिष्ठित गृहस्थांस आपल्या घरीं बोलाविलें. त्यांत धर्मोपदेशकही होते. त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं जें पाहिलें त्याचीं लेखी प्रमाणपत्रें त्यानें १६७७ सालीं लंडनला धाडलीं. त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत रॉबर्ट हूक यासही ते जीव दिसले, व त्यानें ते सभेंतील सभासदांस दाखविले. संशयाचें निरसन झालें. १६८० सालीं रॉयल सोसायटीनें लेवेनहूक यास आपला सभासद निवडून घेतलें.

आतां आम्ही आमच्या मुख्य विषयाकडे वळतों. १७ सप्टेंबर १६८३ रोजीं लिहिलेल्या पत्रांत लेवेनहूकनें आपल्या दांतांची हकीकत दिली आहे. तो दररोज सकाळीं मिठानें दांत घांशी, पाण्यानें चूळ भरी, जेवणानंतर दांतकोरण्यानें फटी साफ करी व दांत फडक्यानें पुशी. पन्नाशीच्या वयांतही त्याचे दांत स्वच्छ व शुभ्र होते, व हिरड्यांतून रक्त येत नसे. असें असतांही दाढांच्या फटींत भिजविलेल्या कणकेसारखें पांढरें किटण थोडें राहतेंच, हें त्याच्या ध्यानांत आलें. तें त्यानें पावसाच्या स्वच्छ पाण्यांत कालवून भिंगाखालीं धरिलें, आणि पाहतो तों त्यांत अनेक प्रकारचे जीव लगबगीनें हिंडत होते! कांहीं जीव पाण्यांतील चपळ माशाप्रमाणें सरळ सुसाट जात. कांहीं भोवऱ्याप्रमाणें गरगर फिरत. कांहीं चिलटांच्या थव्यासारखे दाटीनें घोंटाळत. त्यांचीं चित्रेंही त्यानें पत्रासोबत जोडलीं. मनुष्याच्या मुखांतील जंतूंचीं हीं जगांतील पहिलीं चित्रें होत.

एका मुखावरून सिद्धांत ठरविणारा हा पुरुष नव्हता. त्यानें दोन स्त्रियांच्या दांतांवरील किटण पाहिलें. एका आठ वर्षांच्या मुलाचें पाहिलें. आणि जन्मांत कधीं दांत न घासलेल्या एका म्हाताऱ्याचेंही पाहिलें. या म्हाताऱ्याच्या मुखांत तर जीवांची अशी गर्दी होती कीं जणूं तें सारें पाणीच जिवंत आहे असा भास होई. दुसरा एक म्हातारा रोज मद्य पिई व तंबाखू ओढी. एवढ्या तीव्र पदार्थांपुढें जीव टिकतील काय, अशी लेवेनहूक यास शंका होती. परंतु त्याच्या दांतांच्या फटींतही जीव सुखानें नांदत होते. नेदरलंड्सच्या संयुक्त प्रांतांत जितकीं माणसें राहतात, त्यांहून अधिक जीव आपल्या एका मुखांत राहत असावेत, असा हिशेब त्यानें मांडिला.

त्याचा एक प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. किटण शिरक्यांत कालविल्यास त्यांतील जीव मरतात, हें त्यास दिसलें. मग त्यानें शिरक्याचीच चूळ भरून पाहिली. परंतु नंतर फटींतील किटण काढून पाहतां आंत जिवंत प्राणी होतेच. यावरून त्यानें अनुमान केलें कीं शिरका किटणाच्या वरच्या थरांतील जीवांस मारतो, आंतपर्यंत पोहोंचत नाहीं. नुसत्या सुवासिक चुळीवर विसंबून दांत घासण्याचा कंटाळा करणारांस हा प्रयोग आजही पुरेसें उत्तर आहे. पुढें १६९२ सालीं त्यास आपल्या पुढील दांतांवर जीव दिसेनासे झाले, मागील दाढांवर मात्र दिसले. आपण गरम कॉफी पितों त्या उष्णतेनें पुढचे मेले असावेत, असा तर्क त्यानें केला. त्याच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांस तो शिरक्यांतील सूक्ष्म किडे दाखवी, तेव्हां कित्येक स्त्रियांनीं पुनः शिरका न खाण्याचा निश्चय केला. आपल्याच मुखांत त्याहून पुष्कळ जीव आहेत असें कळल्यावर त्यांनीं काय केलें असतें, असा त्यास मौजेचा प्रश्न पडला.

हे जीव मुखांत येतात कोठून? त्या काळीं बहुसंख्य लोकांची, आणि कित्येक पंडितांचीही, अशी समजूत होती कीं क्षुद्र जीव घाणींतून आपोआप उत्पन्न होतात. धुळींतून पिसू, धान्यांतून टोका, घामांतून ऊ, चिखलांतून ईल मासा, अशी ही उत्पत्तीची यादी होती. या समजुतींतील धोका वाचकांनीं ओळखावा. जंतु जर आपोआपच उपजत असतील, तर ते एकापासून दुसऱ्यास लागतात हें म्हणणेंच व्यर्थ होईल, व त्यांचा मार्ग अडविण्याची इच्छाही कोणास होणार नाहीं.

इटलींत फ्रान्सेस्को रेदी यानें १६६८ सालीं मांसांतील अळ्या माश्यांच्या अंड्यांपासून होतात हें दाखविलें होतें. लेवेनहूक त्याच वाटेनें बराच पुढें गेला. त्यानें पिसवा पाळल्या. त्यांचीं अंडीं, अळ्या, कोष व पुनः पिसू असा सर्व क्रम डोळ्यांनीं पाहिला. धान्यांतील टोका टोक्याच्याच अंड्यांतून निघतो हें त्यानें सिद्ध केलें. उवांसाठीं तर त्यानें स्वतःचा देहच खर्चीं घातला. माद्या मोज्यांत घालून तो मोजा त्यानें पायावर घट्ट बांधला व कित्येक दिवस तसाच ठेविला. मग अंडीं मोजून, दोन महिन्यांत त्या दोन उवांची हजारों संतति कशी होईल याचा हिशेब केला. कापडवाल्याच्या वहींत इतका किळसवाणा हिशेब दुसरा नसेल, आणि इतका उपयुक्तही नसेल! जीव जीवापासूनच होतो, हें त्याचें ठाम मत या श्रमांतून बनलें होतें. सूक्ष्म जंतूंच्या बाबतींत त्यावर शेवटची मोहोर पुढें १८६० च्या सुमारास फ्रान्समध्यें लुई पाश्चर यानें आपल्या प्रयोगांनीं उठविली.

दुसऱ्याच्या शरीरांत राहून त्याच्यावर पोसणाऱ्या जीवांस परोपजीवी असें म्हणतात. लेवेनहूकला मनुष्य व जनावर या दोहोंच्याही शरीरांत असे जीव आढळले. १६७४ सालीं सशाच्या पित्तांत त्यानें अंडाकृति कण पाहिले. ते सशाच्या यकृतांतील एका परोपजीवी प्राण्याचे असावेत असें आजचे शास्त्रज्ञ मानतात. १६८१ सालीं आपल्यास जुलाब होत असतां त्यानें स्वतःचा मळ तपासला, व त्यांत ज्यास आतां जिआर्डिया म्हणतात तो प्राणी पाहिला. मेंढ्यांच्या यकृतांतील चपट्या किड्यांवर गोव्हर्ट बिडलू यानें १६९८ सालीं जें पत्र छापलें, तें लेवेनहूक यासच उद्देशून होतें. मनुष्याचा देह आणि गोठ्यांतील जनावराचा देह हे त्याच्या भिंगाखालीं एकाच पंगतीस बसले.

त्याची कीर्ति युरोपभर पसरली. १६९८ सालीं रशियाचा बादशहा पीटर डेल्फ्टजवळ आला असतां त्यानें लेवेनहूकला भेटीस बोलाविलें, आणि ईल माशाच्या शेपटींतील रक्ताभिसरण पाहून तो थक्क झाला. १७१६ सालीं लूव्हें विश्वविद्यालयाच्या अध्यापकांनीं या अल्पशिक्षित दुकानदारास रुपेरी पदक अर्पण केलें. वृद्धपणीं त्यास उरोदरपटलाच्या झटक्यांची व्याधि जडली. तिचेंही वर्णन त्यानें इतकें बारकाईनें लिहून ठेविलें कीं वैद्यांनीं पुढें त्या व्याधीस त्याचेंच नांव दिलें. मृत्युशय्येवर असतां दोन पत्रांचें लॅटिन भाषांतर करून तीं लंडनला धाडण्याची विनंति त्यानें एका मित्रास केली. २६ ऑगस्ट १७२३ रोजीं त्याचें देहावसान झालें. डेल्फ्ट येथील जुन्या प्रार्थनामंदिरांत त्याची समाधि आहे. त्याच्या इच्छेप्रमाणें मारियानें २६ चांदीचे सूक्ष्मदर्शक रॉयल सोसायटीस पाठविले. परंतु एकोणिसाव्या शतकांत ते गहाळ झाले.

लेवेनहूकनें मुखांत जे पाहिले ते मुख्यतः जंतु होते. ते रोगाचें कारण होऊं शकतात, अथवा एकाच्या मुखांतून दुसऱ्याच्या मुखांत जातात, हें त्यानें सांगितलें नाहीं. तें काम पुढील पिढ्यांनीं केलें. १७७३ सालीं डेन्मार्कचा ओटो म्युलर यानें दांतांवरील किटणांत एका चपळ प्राण्याची नोंद केली. त्यास आज ट्रायकोमोनास टेनॅक्स म्हणतात. त्याचा आकार नासपतीसारखा असून अंगास चाबकाच्या दोरीसारखे तंतु असतात, व त्यांच्या फटकाऱ्यानें तो पुढें जातो. १८४९ सालीं रशियांत ग्रोस यानें दांतांच्या किटणांतच एक अमीबा पाहिला. मनुष्याच्या देहांत सांपडलेला हा पहिला अमीबा होय. त्याचें नांव एन्टअमीबा जिंजिव्हॅलिस. तो आपला देह पसरीत सरकतो, व जंतु आणि रक्तांतील पांढऱ्या पेशी गिळतो.

१९१४ व १९१५ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं असें जाहीर केलें कीं हिरड्यांतून पू वाहण्याचें कारण हा अमीबाच होय. त्यावर औषधांचाही मारा झाला. पुढें निरोगी मुखांतही तो सांपडूं लागला, तेव्हां तें मत मागें पडलें. आजचे संशोधक पुनः त्याकडे लक्ष देत आहेत. कारण रोगट हिरड्यांत हे दोन्ही प्राणी अधिक प्रमाणांत आढळतात. ते रोगाचे कर्ते आहेत कीं रोगट जागेचे केवळ भाडेकरी आहेत, याचा निकाल अद्याप पूर्णपणें लागलेला नाहीं. मात्र अस्वच्छ मुख त्यांस मानवतें, याविषयीं वाद नाहीं.

आतां त्यांच्या प्रवासाचा मार्ग पाहूं. कित्येक परोपजीवी प्राणी संकटकाळीं स्वतःभोंवतीं टणक कवच निर्माण करितात, आणि त्या कवचांत पाण्यांतून किंवा मातींतून दूरवर जातात. लेवेनहूकच्या जुलाबांतील जिआर्डिया असाच आहे. मुखांतील या दोन प्राण्यांजवळ असें चिलखत सामान्यतः नसतें. वाळलें कीं ते मरतात. ट्रायकोमोनास पिण्याच्या पाण्यांत कांहीं तास तग धरूं शकतो, एवढेंच. म्हणून त्यांस ओल्या लाळेचा ताजा पूल लागतो. एकाच पेल्यास अनेकांनीं तोंड लावणें, एकाचा चमचा दुसऱ्यानें चाटणें, दांत घासण्याची कुंचली दोघांत वापरणें, मुखचुंबन, तोंडासमोर खोंकणें, हे ते पूल होत. दांत किडविणारे कित्येक जंतुही याच रस्त्यानें आईच्या मुखांतून बालकाच्या मुखांत जातात, असें आधुनिक संशोधनानें दाखविलें आहे.

जनावरांची गोष्टही अशीच आहे. मुखांतील अमीबा कुत्रीं, मांजरें व माकडें यांच्याही मुखांत सांपडल्याच्या नोंदी आहेत. २०१७ सालीं प्राग येथील संशोधकांनीं कुत्र्यामांजरांच्या मुखांतील या वर्गाच्या प्राण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत मनुष्याच्या मुखांत राहणारा ट्रायकोमोनास टेनॅक्स तर आढळलाच, शिवाय त्याचा एक नवा जातभाईही सांपडला. यावरून माणूस व त्याचें पाळीव जनावर यांच्यांत हा प्राणी जाऊं येऊं शकत असावा असें दिसतें. कबुतरांत याच कुळांतला एक वेगळा, पक्ष्यांचाच, प्राणी राहतो. कबुतरें आपल्या गळ्याच्या पिशवींतील दुधासारखा रस पिलांस चोंचींतून भरवितात, आणि त्या मायेच्या घासाबरोबरच हा प्राणी पिलाच्या घशांत उतरतो. एकाच भांड्यांतील पाणी प्यायल्यानें तो कोंबड्यांसही लागतो; व रोगट कबुतर खाणाऱ्या ससाण्याच्या तोंडांतही फोड उठतात. चोंच, जीभ, पाण्याचें भांडें व शिकार, असे हे चार दरवाजे आहेत.

आपल्याकडे उष्टें खाऊं नये असें वडील माणसें सांगत आलीं आहेत. मुखांतील जीवांचा प्रवास पाहतां या शिकवणींत मोठें तथ्य आहे. परंतु तिचा विपर्यासही पुष्कळ झाला आहे. अमुक जातीच्या मनुष्यानें नुसता स्पर्श केलेलें पाणी विटाळलें असें मानून स्वतःच्या घरांत मात्र सर्वांनीं एकाच पेल्यास तोंड लावावें, हा कोणता न्याय? लेवेनहूकच्या भिंगाखालीं स्त्री, बालक व म्हातारा या सर्वांच्या मुखांत एकाच प्रकारचे जीव निघाले. लाळेंतील प्राण्यास जातकुळीची ओळख नसते. त्यास केवळ ओलावा व अस्वच्छता यांची ओळख असते.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं दांत नीट घासावे, दाढांच्या फटींकडे विशेष लक्ष द्यावें, व आपली कुंचली कोणास देऊं नये. हिरड्यांतून रक्त येत असल्यास लाज न धरितां दंतवैद्यास दाखवावें. माता-पित्यांनीं बालकास आपल्या तोंडांत चावून मऊ केलेला घास भरवूं नये. तो हातानें कुसकरून अथवा शिजवून मऊ करावा. घरांतील कुत्र्यामांजरांवर अवश्य प्रेम करावें, पण त्यांस आपलें तोंड चाटूं देऊं नये, व त्यांच्या पाण्याचें भांडें वेगळें ठेवावें. त्यांच्याही दांतांची काळजी घ्यावी. मुक्या जनावरास आपली हिरडी दुखते हें सांगतां येत नाहीं. कबुतरें व कोंबड्या पाळणारांनीं त्यांचें पाणी रोज बदलावें. या सर्व गोष्टींस पैसा थोडा लागतो, सवय मात्र फार लागते.

लेवेनहूकच्या चरित्रापासून घेण्याजोगे गुण पुष्कळ आहेत. परंतु आमच्या मतें त्यांतील सर्वांत दुर्मिळ गुण हा कीं, स्वतःस तपासतांना तो लाजला नाहीं. जगाची घाण दाखविणारे सर्वत्र भेटतात. आपल्या दांतांचें किटण, आपला मळ, आपल्या पायावरील उवा भिंगाखालीं धरून जें दिसलें तें परदेशच्या विद्वानांस लिहून कळविणारा मनुष्य विरळा. त्या प्रामाणिकपणामुळें आपल्यास आपल्या मुखांतील शेजाऱ्यांची ओळख झाली, आणि ओळख झाली म्हणून त्यांची वाट अडवितां येऊं लागली. आमच्या शाळेंतून बाहेर पडणारांपैकीं सर्वांसच मोठीं यंत्रें व प्रयोगशाळा लाभतील असें नाहीं. परंतु डोळे, धीर व खरें लिहिण्याची संवय हीं तीन साधनें प्रत्येकापाशीं आहेत, आणि डेल्फ्टच्या त्या कापडवाल्यापाशीं एका इवल्याशा भिंगाखेरीज याहून अधिक कांहीं नव्हतें.